डावा कान परत गेला: खाऱ्या वाऱ्यातले हेडफोन दुरुस्त करताना

मिरग लागला की आमच्या घरात तीन गोष्टी ठरलेल्या. विहिरीचं पाणी वर येतं, कपाटातल्या चामड्याच्या चपलांना बुरा धरतो आणि माझ्या हेडफोनचा डावा कान जातो. पहिल्या दोहोंचं कुणाला काही वाटत नाही. तिसऱ्यावर माझं पोट आहे. मी घरी बसून ध्वनिमुद्रणं ऐकतो आणि टाइप करून देतो: सभा, मुलाखती, कधी एखाद्या जुन्या दशावतारी कलाकाराशी कुणी तीन तास मारलेल्या गप्पा. घर मालवणात, चिवल्याच्या किनाऱ्यापासून चालत पाच मिनिटं. खिडकीतून समुद्र दिसत नाही, पण ऐकू येतो, आणि खिडकीच्या गजांवरून बोट फिरवून जिभेला लावलं तर कळतोही.

चार पावसाळ्यांत मी सात हेडफोन घेतले. त्यांतले पाच, जे मी मेले म्हणून खणात टाकले होते, ते आज व्यवस्थित वाजतात. हे लिहितोय ते त्या पाचांमुळे.

हेडफोनचाच दोष कशावरून?

पहिला धडा मिळाला तो गावात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांकडून. मी वैतागून हेडफोन त्यांच्या टेबलावर ठेवला, तर त्यांनी तो हातातसुद्धा घेतला नाही.

"दुसऱ्या फोनाक लावन बघलंस?"

"नाय, काका."

"मगे हय कित्याक इलंस?"

बरोबर होतं त्यांचं. हा हेडफोन दुसऱ्या फोनला लावायचा आणि दुसरा हेडफोन या फोनला. दोन मिनिटांचं काम, आणि निम्मा तपास तिथेच संपतो. दुसऱ्या फोनवर नीट वाजला तर दोष तुमच्या फोनच्या भोकात किंवा सेटिंगमध्ये. दोन्हीकडे तोच कान बंद असेल तर दोष पिनेत, वायरीत किंवा कानाशी. हे न करता दुकानात गेलात तर दुकानदार नवीनच दाखवणार. त्याला तरी काय पडलंय?

सेटिंगचंही आधीच बघून घ्या, कारण त्याला ना पेचकस लागतो ना पैसा. अँड्रॉइडवर अॅक्सेसिबिलिटीमध्ये आवाजाच्या तोलाची एक पट्टी असते, डावीकडून उजवीकडे सरकणारी. आयफोनवरही ती अॅक्सेसिबिलिटीतच, ऑडिओच्या पानावर आहे. घरात पोरं असली की ती पट्टी कधी सरकते ते देवालाच ठाऊक. माझ्या भाचीने ती पार उजवीकडे नेऊन ठेवली होती आणि मी दोन दिवस पिन घासत बसलो होतो.

आणखी दोन फसव्या गोष्टी. लॅपटॉप चार्जिंगला असताना कानात घूं असा आवाज येत असेल तर आधी चार्जर काढून बघा. आवाज गेला तर हेडफोन निर्दोष आहे. चार्जर किंवा घराच्या अर्थिंगकडे बघायला हवं. मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा सुकून खडखडीत होतो, त्यात आपल्याकडे खाली जांभ्याचा कातळ, त्यामुळे हा त्रास उन्हाळ्यात जास्त. दुसरी गोष्ट रेल्वेतली. रत्नागिरीजवळ करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. त्यात नेट जातं, ऑनलाइन गाणं थांबतं, आणि शेजारचा प्रवासी इअरफोन काढून फुंकर मारत बसलेला असतो. मी स्वतः ही फुंकर मारलेली आहे.

भोक

फोन खिशात, खिशात रेती आणि कापडाचा बारीक कापूस. दोन्ही मिळून हेडफोनच्या भोकाच्या तळाशी एक नमदा तयार होतो. प्रत्येक वेळी पिन खुपसताना आपण तो आणखी दाबून बसवतो. हळूहळू पिन केसभर वर राहायला लागते.

आता पिनेची रचना बघा, म्हणजे माझा डावाच कान का जायचा ते कळेल. ३.५ मिलिमीटरच्या पिनेवर माइक असेल तर तीन काळ्या रेघा आणि चार धातूचे भाग असतात. अगदी टोक म्हणजे डावा कान. त्यामागचं कडं उजवा कान. हल्लीच्या बहुतेक पिनांत त्याच्या मागचं कडं ग्राउंड, म्हणजे दोन्ही कानांची परतीची वाट, आणि सगळ्यात मागचं माइकचं. टोक सगळ्यात खोल जातं, तळाच्या कचऱ्याशी पहिली गाठ त्याचीच पडते. म्हणून नुसता डावा कान जात-येत असेल आणि पिन आत जाताना 'टक' असं जाणवत नसेल, तर भोकात टॉर्च मारा.

साफ करताना फोन बंद करा. लाकडी टूथपिक घ्या, सुई किंवा टाचणी नको. आत पितळी पात्या असतात, त्या वाकल्या की खेळ खलास. कडेकडेने फिरवत कचरा बाहेर ओढायचा, खाली दाबायचा नाही. माझ्या फोनमधून पहिल्यांदा जे निघालं ते बघून आई म्हणाली, "चिमणीचा घरटा काढलंस मरे!"

फोनचं मागचं कव्हर जाड असेल तरी हेच होतं. पिनेचा प्लास्टिकचा भाग कव्हरला अडतो आणि टोक तळाला टेकत नाही. कव्हर काढून बघायला काहीच लागत नाही, तरी हे शेवटी सुचतं.

पिन, आणि मीठ जात का नाही

खरं दुखणं इथे होतं.

डावा कान बंद झाला की मी पिन स्पिरिटने पुसायचो. लगेच आवाज यायचा. आठ दिवस बरे जायचे, मग खरखर, मग पिन फिरवली की आवाज, सोडली की गप्प, आणि दहाव्या दिवशी परत बंद. परत स्पिरिट. एक अख्खा पावसाळा मी हे केलं आणि शेवटी ठरवलं की कंपनीच भिकार आहे. दुसऱ्या कंपनीचा आणला. त्याचंही तेच.

मग एकदा उजेडात बसून पिन पुसली आणि स्पिरिट उडून जाताना बघत राहिलो. धातूवर पांढुरकी झाक उरली. आईच्या मिठाच्या बरणीतून चिमूटभर मीठ आणलं आणि एका झाकणात ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन त्यात टाकलं. काडीने ढवळलं. झाकून ठेवलं. संध्याकाळी बघितलं तर दाणे होते तसे तळाशी बसलेले. मीठ पाण्यात विरघळतं, शुद्ध अल्कोहोलमध्ये जवळजवळ नाहीच. म्हणजे वर्षभर मी पिनेवरचं तेल, घाम आणि मळ काढत होतो. मीठ फक्त या कड्यावरून त्या कड्यावर सारत होतो.

आता हे मीठ करतं काय? पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं हे घरोघरी माहीत आहे. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते त्याहून कितीतरी कोरड्या हवेत ओलसर राहतात. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावर आर्द्रता ७५ च्या खाली उतरते ती क्वचितच. थोडक्यात, पिनेवर खाऱ्या पाण्याचा न दिसणारा थर चोवीस तास असतो. वरचा सोनेरी मुलामा इतका पातळ असतो की त्याला सूक्ष्म छिद्रं असतातच. त्यांतून खारट ओल खालच्या निकेलपर्यंत, मग पितळेपर्यंत जाते. पितळेतलं तांबं हिरवं होतं. देवघरातली समई आठवा.

यात फोन भर घालतो. माइक आणि बटण चालावं म्हणून फोन माइकच्या कड्यावर थोडा विद्युतदाब देतो, साधारण दोन व्होल्ट. ओलसर मीठ आणि त्यावर वीज म्हणजे गंजाला वाफ दिल्यासारखं. माझ्या पिनांवर सगळ्यात मागचं कडं आधी काळवंडतं ते उगाच नाही. काम झालं की पिन काढून ठेवायची सवय मी तेव्हापासून लावून घेतली.

तर साफ करायची रीत अशी. आधी पाणी, मग अल्कोहोल. सुती कापडाचा कोपरा डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून घट्ट पिळायचा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला मिळतं तेच पाणी. विहिरीचं नको, किनाऱ्यावर कितीतरी विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात आणि आपण मीठ काढायला मिठाचंच पाणी घेतो. त्या कापडात पिन धरून गोल फिरवायची, विशेषतः काळ्या रेघांजवळ, कारण तिथल्या खाचेत मीठ बसतं. मग अल्कोहोलच्या कापडाने पुसायची, म्हणजे उरलेलं पाणी निघून जातं. मोबाइलचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे या आयसोप्रोपिल अल्कोहोलला नुसतं 'आयपीए' म्हणा, बाटली देतात.

हिरवे किंवा काळे डाग राहिले तर मऊ पांढरं खोडरबर चालवा. पॉलिश पेपर कधीच नको. पॉलिश पेपरने पिन आज चकचकीत होते, पण मुलामा गेलेला असतो, आणि पुढच्या महिन्यात ती आधीपेक्षा लवकर हिरवी होते. थिनरही नको, प्लास्टिक खातो. हात धुवायचं सॅनिटायझर मी वापरून पाहिलं आहे: त्यात ग्लिसरीन असतं, ते पिनेवर चिकट राहतं आणि त्याला रेती चिकटते.

आणि मुख्य म्हणजे धुतलेली पिन मळक्या भोकात घालायची नाही. मी स्पिरिटने पिन साफ करायचो तेव्हाही भोकाच्या तळाशी खारट कापूस बसलेलाच असायचा. आठ दिवसांचं चक्र होतं ते त्यामुळेही. भोकातला कचरा टूथपिकने काढून झाला की टूथपिकच्या टोकाला कापूस घट्ट गुंडाळायचा आणि त्यावर ७० टक्क्यांच्या आयपीएचा एक थेंब. इथे ७० टक्केच बरं, कारण उरलेलं ३० टक्के पाणी मीठ उचलतं आणि अल्कोहोलमुळे ते लवकर सुकतं. कापूस ओला हवा, टपकता नको. दोनदा फिरवायचा, फोन तासभर बंद ठेवायचा.

हे दोन्ही मिळून केलं त्या वर्षी डावा कान गणपतीपर्यंत चालला. मध्ये फक्त पुसत होतो.

गाणं वाजतं, गायक गायब

हा प्रकार एकदा होतो तेव्हा माणूस चक्रावतो. माझ्याकडे पुण्याहून एका बैठकीचं ध्वनिमुद्रण आलं. लावलं तर काहीच नाही. लांब कुठेतरी कुजबुज. फाइल बिघडली म्हणून परत मागवली, तीही तशीच. तिसऱ्यांदा मागवताना समोरच्या बाई जरा गप्प झाल्या. मग सहज एक भावगीत लावलं तर तबला, पेटी, व्हायोलिन सगळं दूरून ऐकू येतंय आणि गाणाऱ्याचा आवाज तेवढा नाही. जसं कुणी गायकाला उचलून नेलं.

कारण असं. दोन्ही कानांची परतीची वाट एकच, ग्राउंडची. ती तुटली की वीज डाव्या कानातून जाऊन उजव्या कानातून परतते. मग ऐकू येतो तो फक्त डाव्या-उजव्यातला फरक. गायकाचा आवाज बहुधा दोन्हीकडे सारखाच ठेवलेला असतो, त्यामुळे तो वजा होतो. वाद्यं थोडी इकडे, थोडी तिकडे असतात, ती उरतात. आणि बैठकीचं ध्वनिमुद्रण एकाच माइकवर, म्हणजे दोन्ही कानांत हुबेहूब तेच. सगळंच वजा.

याची खूण पक्की आहे. हेडफोनच्या वायरीवर बटण असेल तर ते दाबून धरा. बटण दाबलं की माइकची वायर आणि ग्राउंड एकमेकांना जोडले जातात, म्हणजे परतीला आडवाट मिळते. दाबल्यावर गायक परत आला आणि सोडल्यावर गेला, तर दोष ग्राउंडच्या कड्यात आहे, दुसरीकडे शोधू नका. आधी वरची साफसफाई. त्याने गेलं नाही तर पिनेच्या बुडाशी ग्राउंडची तार तुटलेली असते.

एक अपवाद. हेडफोन फार जुना असेल तर त्यात ग्राउंड आणि माइकची कडी उलट लावलेली असू शकतात, तशी एक पद्धत पूर्वी चालायची. तो हेडफोन नव्या फोनला लावला की गायक गायब होतो आणि यात काहीही बिघडलेलं नसतं. पिनेला लावायचा छोटा अदलाबदलीचा जोड मिळतो, तो लावायचा.

वायर

वायर कुठे तुटते ते ठरलेलं आहे: पिनेपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, जिथे एकाच्या दोन होतात तिथे, आणि कानात शिरते तिथे. मधली वायर सहसा तुटत नाही, मांजर नसेल तर. एखादं सलग वाजणारं काही लावा, तानपुरा उत्तम, आणि वायर इंचाइंचाने वाकवत जा. जिथे आवाज तुटतो तिथे बोट ठेवून खूण करा.

मल्टीमीटर असेल तर ओहमवर लावून पिनेचं टोक आणि ग्राउंडचं कडं यांच्यामध्ये मोजा, मग दुसरं कडं आणि ग्राउंड. साध्या इअरफोनला दोन्हीकडे १६ ते ३२ ओहमच्या आसपास आकडा यायला हवा आणि दोन्ही बाजू जवळपास सारख्या हव्यात. मोजताना कानात बारीक 'कर्र' ऐकू येतं, तेही चांगलं लक्षण. एका बाजूला काहीच येत नसेल तर ती तार तुटली आहे. मीटर नसेल तर पेन्सिल सेल घ्या, दीड व्होल्टचा, आणि त्याच्या दोन टोकांना धरलेल्या दोन वायरी पिनेच्या त्याच दोन ठिकाणी क्षणभर टेकवा. कानात 'खट्' झालं तर आतला पडदा जिवंत आहे. टेकवून धरू नका, आणि त्या वेळी इअरफोन कानात घालू नका, जवळ धरला तरी पुरे.

पिनेजवळ तुटली असेल तर तिथून कापून नवी पिन सोल्डर करायची, म्हणजे कथील वितळवून जोडायची. ज्याला सोल्डरिंग येतं त्याला अर्ध्या तासाचं काम, न येणाऱ्याला मात्र मी सांगेन की आधी खणातल्या एखाद्या मेलेल्या हेडफोनवर हात बसवा. आत बहुधा लाल तार उजव्या कानाची, हिरवी किंवा निळी डाव्याची, आणि तांब्याच्या रंगाची ग्राउंडची. हा रंग म्हणजे तारेवरचं लाखेसारखं रोगण आहे. ते जाळल्याशिवाय सोल्डर धरत नाही. पहिल्यांदा मला कळेचना की कथील गोळी होऊन का घरंगळतंय. टोक काडीवर क्षणभर धरायचं, काजळी पुसायची, फ्लक्स, म्हणजे कथील धरायला मदत करणारा लेप, लावून कथलाचा हात द्यायचा.

आता किनाऱ्यावरची खास गोष्ट. वायर कापल्यावर आत लाल तांबं दिसायला हवं. आमच्याकडे काळं किंवा हिरवं दिसतं. चिरेतून शिरलेली ओल तारांच्या जुडीतून वातीतल्या तेलासारखी चढत जाते. अशा काळ्या तारेवर सोल्डर कितीही फ्लक्स लावला तरी बसत नाही. आणखी इंचभर कापा. तरी काळं? आणखी कापा. एका हेडफोनची मी हातभर वायर कापली तेव्हा लखलखीत तांबं लागलं. तो आता फक्त टेबलाजवळ बसूनच वापरता येतो, पण चालतो.

एका कानात आवाज नुसता हळू येत असेल, खरखर नसेल, तर वायरीला दोष देण्याआधी इअरफोनची जाळी बघा. कानातला मळ. दमट दिवसांत तो मऊ होतो आणि जाळीत भरतो. जाळी खाली करून कोरड्या टूथब्रशने हलकं झाडायचं. वर करून झाडलं तर मळ आत पडतो. पाणी, स्पिरिट काही नको.

बिनतारी

हल्ली सगळे विचारतात ते ब्लूटूथच्या कानातल्यांबद्दल, आणि सगळ्यांना वाटतं की त्यांना पिनच नाही म्हणजे गंजही नाही. डबी उघडून बघा. इअरबडच्या बुडाशी दोन-तीन पिवळे ठिपके असतात आणि डबीत त्यांच्यासमोर स्प्रिंगच्या बारीक पिना. घाम आणि खारट हवा तिथे बसते. मग रात्री डबीत ठेवलेला एक बड चार्जच होत नाही, सकाळी तो मेलेला असतो आणि आपण म्हणतो की ब्लूटूथ जोडलं जात नाही. मीठ तेच, इलाजही तोच: आधी ओलसर कापड, मग आयपीए, मग कोरडं. डबीतल्या पिना कान पुसायच्या कापसाच्या काडीने, हलक्या हाताने.

ते करूनही एक बाजू येत नसेल तर फोनमधून ती जोडी विसरायला लावा, दोन्ही बड डबीत ठेवून रीसेट करा आणि नव्याने जोडा. रीसेटची रीत प्रत्येकाची निराळी, तिचं कागदी पुस्तक खोक्यासोबत टाकून दिलेलं असतं. दोन-तीन वर्षं रोज वापरलेल्या बडची एक बाजू अर्ध्या तासात मान टाकत असेल तर तो बॅटरीचा शेवट. एवढ्याशा बॅटरीकडून त्याहून फार अपेक्षा करता येत नाही.

लॅपटॉपवर मीटिंग सुरू होताच आवाज एकदम डब्यातून आल्यासारखा होतो, ती तक्रार वेगळी. हेडफोनचा माइक चालू झाला की ब्लूटूथ गाण्याची वाट सोडून टेलिफोनची वाट धरतं. मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक लॅपटॉपचा निवडा, हेडफोनचा नको. आवाज परत उघडतो.

पाण्यात पडले तर

बड किती पाणी सोसतात ते खोक्यावर 'आयपीएक्स' आणि आकडा असं लिहिलेलं असतं. आयपीएक्स ४ असेल तर ते शिंतोडे सहन करतात, आयपीएक्स ७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास. पण ही चाचणी गोड्या पाण्यात होते. तारकर्लीच्या पाण्याबद्दल खोक्याने काहीही म्हटलेलं नाही.

समुद्रात पडलेला आयपीएक्स ७ चा बड हाती लागला तर पहिल्यांदा तो गोड्या पाण्यात हलकेच धुवा. लोकांना हे उलटं वाटतं: भिजलेल्याला अजून भिजवायचं? पण पाणी सुकतं, मीठ सुकत नाही. मग कापडाने टिपा, जाळी खाली करून पंख्याखाली ठेवा, दिवसभर तरी. आणि पूर्ण सुकेपर्यंत डबीत घालू नका. डबीत घातलं की चार्जिंग सुरू होतं, आणि खाऱ्या पाण्यात वीज सोडली की ते पिवळे ठिपके एका रात्रीत काळे होतात. माझ्या मावसभावाने नेमकं हेच केलं, वर डबी बंद करून तांदळाच्या डब्यात पुरली. तांदळाने ओल विशेष ओढली जात नाही, पीठ मात्र जाळीत जाऊन बसतं. उकड्या तांदळाची पेज करावी.

बड फुगल्यासारखा दिसला, शिवण उघडली, हाताला गरम लागला तर दुरुस्ती नाही. टोचू नका, चार्ज करू नका, ई-कचऱ्यात द्या.

ठेवायचे कुठे

इतकी वर्षं माझा हेडफोन खिडकीशेजारच्या खिळ्याला लटकायचा. हाताशी असावा म्हणून. रात्रभर समुद्राचा वारा थेट त्याच्यावर. पिन पुसून पुसून मी थकलो आणि खिळा तिथेच होता, तोही गंजून अर्धा झालेला.

उपाय आईच्या फडताळात होता. मिरगाच्या आधी ती पापड, कुळथाचं पीठ, सोलं सगळं घट्ट झाकणाच्या डब्यांत भरते, कारण एकदा वारा लागला की गेलं. आता एक डबा माझा. तळाशी सिलिका जेलच्या पुड्या, वर जुन्या साडीचा तुकडा, त्यावर गुंडाळलेला हेडफोन. वळसे सैल, पिनेजवळ पीळ नाही. आठवड्यातून एकदा, बहुधा रविवारी, पिनेला ओलं कापड आणि आयपीए.

कानाभोवती बसणाऱ्या मोठ्या हेडफोनच्या गाद्यांना डबाही पुरा पडत नाही. त्यांचं खोटं चामडं दमट हवेत आपोआप विघटित होतं, वापरा किंवा खणात ठेवा, दोन-तीन पावसाळ्यांत खपल्या निघून मानेवर काळी भुकटी पडते. गाद्या बदलून मिळतात. घेताना कापडी घ्या. आणि आंघोळीनंतर ओल्या कानात इअरबड कोंबू नका. दमट कानात बुरशी धरते, आणि तिचा इलाज माझ्याकडे नाही, कानाच्या डॉक्टरांकडे आहे.

सिलिका जेलचे निळे दाणे ओल धरली की गुलाबी होतात. गरम केले की परत निळे. ते मी पहिल्यांदा आईच्या बिडाच्या तव्यावर परतायला घेतले आणि शिव्या खाल्ल्या. शिव्या रास्त होत्या: निळ्या दाण्यांना कोबाल्टचा रंग असतो, तो पोटात जाण्यासारखा नाही. त्या तव्यावर नंतर कुणी घावणे घातले असते तर? आता त्यासाठी पत्र्याचं एक जुनं झाकण वेगळं ठेवलं आहे, त्यावर खिळ्याने कोरून लिहिलंय: 'हेडफोनचा'. दाणे नारिंगी रंगाचे मिळाले तर ते घ्या, त्यांत कोबाल्ट नसतो. झाकण तरीही वेगळंच ठेवा.